षट्षष्टीची वंशावळ : ‘महिकावतीची बखर’ आणि साष्टी बेटावरील समाजाचे मूळ

१

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेली मुंबईची उपनगरे साष्टी नावाच्या एका बेटावर वसलेली आहेत, ही गोष्ट आज क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीवर सेतू झाला. १८५३ साली ठाण्यापर्यंत आगगाडी धावू लागली. १९५० आणि १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेकडे सरकत दहिसर व मुलुंड येथवर पोहोचली. ह्या क्रमाने बेटाचे बेटपण व्यवहारातून नाहीसे झाले. परंतु बेटावरील समाजाच्या स्मृतीतून ते इतक्या सहजासहजी नाहीसे होत नाही. आणि ही स्मृती जिच्यात ग्रथित झाली आहे अशी मराठीतील अत्यंत जुनी कृती म्हणजे ‘महिकावतीची बखर’ होय. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. एकूण सहा प्रकरणांच्या ह्या संग्रहाचा जुना गाभा केशवाचार्याच्या नावावर असून त्याचा काळ शके १३७०, म्हणजे इ. स. १४४८ हा आहे. उरलेला भाग निरनिराळ्या हातांचा व नंतरच्या काळातील आहे.

ह्या बखरीचे वाचन आजवर मुख्यतः दोन प्रकारे झाले. इतिहाससंशोधकांनी तिच्यात राजे आणि त्यांचे शक शोधले, आणि ते अन्य साधनांशी जुळत नाहीत असे दिसताच तिच्याविषयी संशय व्यक्त केला. उलट, उत्तर कोकणातील अनेक ज्ञातींनी तिच्यात आपापली कुळे व गोत्रे शोधली, आणि ती सापडताच तिला प्रमाणग्रंथाचा मान दिला. एका पक्षाने बखर पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही म्हणून दूर सारली. दुसऱ्याने कसोटीच नाकारून ती जवळ केली. दोन्ही पक्षांचे गृहीतकृत्य मात्र एकच आहे : ‘येथे प्रथम कोण होते’ ह्या प्रश्नाचे उत्तर देणे हे बखरीचे कार्य होय. हे गृहीत तपासून पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम कालगणनेचा प्रश्न. बखरीच्या मते शके १०६० च्या सुमारास, म्हणजे ११३८ मध्ये, चांपानेरकडून आलेल्या प्रतापबिंबाने उत्तर कोकण जिंकले, महिकावती म्हणजे माहीम ही राजधानी केली आणि सहासष्ट कुळे आणून देश वसविला. सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी अशी ह्या कुळांची वर्गवारी तिने दिली आहे. आता ह्याच काळात ठाण्याच्या गादीवर शिलाहार राजा पहिला अपरादित्य होता, हे त्याच्या लेखांवरून निश्चित आहे. त्याच्यानंतर हरिपालदेव व मल्लिकार्जुन यांचेही लेख उपलब्ध आहेत. शिलाहारांची सत्ता संपली ती १२६५ च्या सुमारास, यादव महादेवाने सोमेश्वराचा पराभव केला तेव्हा. बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ आहेत आणि ज्यांच्यावर गलबतांच्या लढाईचे देखावे कोरलेले आहेत, त्यांचा संबंध अनेक अभ्यासक ह्याच संग्रामाशी जोडतात. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे समग्र लेख १९७७ मध्ये एकत्र प्रसिद्ध केल्यानंतर तर बाराव्या शतकातील साष्टीवर बिंबांच्या स्वतंत्र आणि अखंड राज्याला जागा उरत नाही. फार तर एखादी अल्पकाळची स्वारी, अथवा देवगिरीच्या पाडावानंतर, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस, आलेल्या एखाद्या बिंबाची स्मृती मागे ढकलली गेली असावी, असा तर्क करता येतो. आणि अनेकांनी तो केलाही आहे.

येथवरचा आक्षेप सर्वपरिचित आहे. परंतु ह्याहून अधिक अर्थपूर्ण अशी एक विसंगती आहे, ती सहासष्ट ह्या संख्येची. साष्टी हे नाव ‘षट्षष्टि’ ह्या संस्कृत शब्दापासून आले, हे सर्वमान्य आहे. त्यात सहासष्ट गावांचा निर्देश मानला जातो. हे नाव प्रतापबिंबाच्या कथित आगमनाच्या आधीच रूढ होते. मुलुंडच्या दक्षिणेस भांडुप येथे सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे १०२६ चा आहे, आणि त्यात दान दिलेले शेत षट्षष्टि विषयातील गावात असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. बखरीतील कुळांच्या आगमनापूर्वी निदान एकशेबारा वर्षे हे बेट सहासष्ट ह्या संख्येने ओळखले जात होते. तेव्हा राजाने नेमकी सहासष्ट कुळे आणली, ह्या कथनाचा उगम बेटाच्या नावात आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सहासष्ट गावे आहेत, तेव्हा सहासष्ट कुळे असलीच पाहिजेत. प्रत्येक कुळाला भूमीवर आपले स्थान मिळाले पाहिजे आणि कोणतेही गाव कुळावाचून राहता कामा नये. संख्येची ही जुळणी म्हणजे समाज आणि भूमी यांचे नाते कायमचे बांधून टाकण्याची एक युक्ती आहे. शिरगणती म्हणून तिचा उपयोग नाही.

ह्याच दृष्टीने बखरीतील ओसाड देशाची कल्पनाही तपासली पाहिजे. देश उजाड होता आणि राजाने तो वसविला, असा तिचा एकूण रोख आहे. भांडुपचा ताम्रपट मात्र दान दिलेल्या शेताच्या चतुःसीमा सांगतो. आणि ज्या भूमीच्या सीमा दाखविण्याची गरज पडते ती भूमी ओसाड नव्हे. बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरी येथील लेण्यांत १००९ व १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्याच डोंगरात त्यापूर्वी सुमारे एक हजार वर्षे भिक्षूंची वस्ती होती, आणि कल्याण व सोपारा येथील दात्यांच्या देणग्यांवर ती पोसली जात होती. अंधेरीच्या बाजूस कोंडिवटे येथील लेणी आणि जोगेश्वरीचे गुहामंदिर ही त्याच दीर्घ वस्तीची साक्ष देतात. सारांश, बखरीतील ओसाडपण हा भूमीचा अनुभव नव्हे; तो कथेचा संकेत आहे. नव्याने वतन मिळविणाऱ्याची भूमी पूर्वी रिकामी असावी लागते. ती रिकामी नसेल तर त्याला आधीच्या धन्याचे नाव घ्यावे लागते.

३

मग बखरीत सत्य ते काय उरले? ह्या प्रश्नाचे उत्तर राजांच्या याद्यांत सापडणार नाही. ज्या प्रसंगाने केशवाचार्याला लेखनास प्रवृत्त केले त्या प्रसंगात ते शोधले पाहिजे. बखरीच्या सांगण्याप्रमाणे मालाडचा देसला नायकोराव याला देवीचा दृष्टांत झाला आणि महाराष्ट्रधर्म रक्षण करण्याची आज्ञा झाली. त्यानुसार निरनिराळ्या ज्ञातींचे लोक एकत्र जमले आणि केशवाचार्याने त्यांच्यापुढे वंश, कुळे, गोत्रे यांचे कथन केले. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द येथे शिवकालापूर्वी दोनशे वर्षे येतो, ह्यामुळे राजवाड्यांसह सर्वांचे लक्ष त्या शब्दाकडे वेधले गेले. ते योग्यच होते. परंतु त्या शब्दाच्या तेजात मूळ प्रसंग झाकोळला. एका बेटावरील एका गावचा वतनदार आजूबाजूच्या समाजाला एकत्र बोलावतो आणि सर्वांसमक्ष ‘आपण कोण’ ह्याचे वाचन करवितो, ही घटनाच ह्या कृतीचे मर्म आहे.

असे वाचन १४४८ मध्ये का आवश्यक वाटावे? त्यापूर्वी वीस वर्षांच्या आतच, १४२९ ते १४३१ च्या सुमारास, बहमनी सेनापती मलिक-उत-तुज्जार याने माहीम आणि साष्टी बळकावली होती आणि गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने ती पुन्हा जिंकून घेतली होती. म्हणजे ज्या पिढीपुढे केशवाचार्य बोलत होता त्या पिढीने दोन परक्या सत्तांमधील झुंज आपल्या शेतांतून पाहिली होती. राज्य कोणाचे हे ठरविणे गावच्या हाती उरले नव्हते. गावात कोण कोणाचा कोण, हे ठरविणे मात्र अजून गावच्याच हाती होते. तेवढ्या अधिकाराची ही नोंदवही होय.

येथे राजवाड्यांच्या प्रस्तावनेशी मतभेद दर्शविणे अपरिहार्य आहे. उत्तर कोकणच्या रयतेला राज्यांच्या उलथापालथीविषयी सोयरसुतक नव्हते, अन्नाच्या सुलभतेमुळे तिच्यात राजकीय वृत्ती निर्माणच झाली नाही, अशा आशयाचा सिद्धांत त्यांनी ह्या बखरीच्या निमित्ताने मांडला. बखरीतून वसाहतीचा आणि समाजरचनेचा इतिहास काढता येतो, हे प्रथम ओळखण्याचा मान निःसंशय त्यांचा आहे. तथापि त्यांचा हा सिद्धांत बखरीतील मध्यवर्ती प्रसंगाशीच विसंगत आहे. उदासीन समाज सभा भरवीत नाही आणि भरविली तरी तिचा वृत्तांत लिहून पिढ्यान्‌पिढ्या जतन करीत नाही. ह्या समाजाची राजकीय वृत्ती दरबाराच्या भाषेत प्रकट झाली नाही. ती वंशावळीच्या भाषेत प्रकट झाली. राजवाड्यांनी ती भाषा ऐकली. पण तिची गणना राजकारणात केली नाही.

४

बेटावरील समाजांना अखंड वंशावळीची ओढ का लागते, हे समजून घेण्यासाठी भूमध्य समुद्रातील माल्टा ह्या द्वीपराष्ट्राशी तुलना उपयुक्त ठरेल. माल्टाचा द्वीपसमूह अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साष्टीच्या सुमारे निम्मा आहे. दोन्ही ठिकाणी समुद्राने समाज वेगळा ठेवला नाही. उलट प्रत्येक सत्तेला दार उघडून दिले. माल्टावर ८७० मध्ये अरबांची, १०९१ मध्ये नॉर्मनांची स्वारी झाली. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ते सेंट जॉनच्या सरदारसंघाला दिले. १७९८ मध्ये नेपोलियनने ते घेतले, १८०० पासून ते इंग्रजांकडे राहिले आणि १९६४ मध्ये स्वतंत्र झाले. साष्टीत १५३४ च्या तहाने पोर्तुगीज, १७३७ मध्ये मराठे आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. दोन्ही ठिकाणी कॅथलिक धर्म रुजला आणि दोन्ही ठिकाणी लोकांची भाषा मात्र आधीच्या काळातील राहिली : माल्टी भाषा अरबी कुळातील असून रोमी लिपीत लिहिली जाते. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती समाजाची बोली मराठी राहिली. १६५९ मध्ये लिस्बन येथे छापलेले फ्रान्सिस्कन पाद्री व्हाझ द गिमारांइश याचे ख्रिस्ताच्या यातनांवरील काव्य ह्याच मराठीत, पण रोमी लिपीत आहे.

माल्टाच्या इतिहासलेखनाचा जनक मानल्या जाणाऱ्या जान फ्रान्चेस्को आबेला याने १६४७ मध्ये बेटाचे वर्णन प्रसिद्ध केले. संत पॉलच्या गलबतफुटीपासून, म्हणजे परंपरेने इ. स. ६० पासून, माल्टी लोक ख्रिस्तीच राहिले आणि अरबी राजवटीतही ही परंपरा तुटली नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १७५० मध्ये आजियुस दे सोल्दानिस याने माल्टी भाषा प्राचीन कार्थेजी लोकांची असल्याचे सांगून तिचे अरबी मूळ दूर सारले. विसाव्या शतकात गॉडफ्रे वेट्टिंगर याने मध्ययुगीन कागदपत्रांच्या आधारे ह्या अखंडत्वाला आव्हान दिले. नंतर अल्-हिम्यरी ह्या अरबी भूगोलकाराचा वृत्तांत अभ्यासकांपुढे आला. त्यानुसार ८७० नंतर बेट उद्ध्वस्त व निर्जन राहिले आणि अकराव्या शतकाच्या मध्यास त्यावर नव्याने वस्ती झाली. ह्या निर्जनत्वावरही पुरातत्त्वाच्या आधारे आक्षेप घेतले गेले आहेत. वादाचा निकाल काहीही लागो. भाषेचा पुरावा मात्र इतका स्पष्ट आहे की, आजच्या माल्टी समाजाची घडण अरबी काळातील एका मोठ्या नव्या वस्तीवाचून समजत नाही.

ह्या तुलनेत साम्याइतकाच भेदही बोधक आहे. आबेलाला परकेपण लपवायचे होते, म्हणून त्याने खंड नाकारला. केशवाचार्याने मात्र परकेपण लपविले नाही. त्याची सर्व प्रतिष्ठित कुळे बाहेरून आलेली आहेत आणि ती बाहेरून आली हेच त्यांच्या प्रतिष्ठेचे कारण आहे. माल्टाच्या वंशावळीत मोठेपण पहिलेपणातून येते, तर साष्टीच्या वंशावळीत ते आगमनातून येते. तथापि दोन्ही वृत्तांतांचा हेतू एकच, तो म्हणजे वर्तमान अस्थिर असताना भूतकाळ स्थिर करणे. माल्टी भाषेतील ज्ञात असलेले सर्वांत जुने काव्य, पिएत्रू काशारू याची वीस ओळींची ‘कांतिलेना’, हेही पंधराव्या शतकातीलच. पाया खचून कोसळलेल्या घराची वेदना तिच्यात आहे. १९६६ मध्ये ती एका लेखप्रमाणकाच्या दप्तरात सापडली. केशवाचार्याचा समकालीन असलेल्या ह्या कवीने कोसळणे सांगितले. केशवाचार्याने कोसळण्याच्या भयाने पाया मोजून घेतला.

५

बखरीचे मूल्यमापन करताना तिने कोणाला गणले नाही हेही पाहणे क्रमप्राप्त आहे. तिच्या कुळगणनेत मान आहे तो राजाबरोबर आलेल्यांना. वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथील कोळी आणि डोंगराच्या आश्रयाने राहणारे वनवासी यांच्यासाठी आगमनाची अशी गौरवकथा नाही, कारण राजाच्या मागून येण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. ज्याला आपण आलो कधी हे सांगता येत नाही, त्याचे नाव आगमनाच्या वहीत मानाने लिहिले जात नाही, असा हा विपरीत न्याय आहे.

पुढील शतकात ह्या वहीची पाने आणखी विस्कटली. पोर्तुगीज काळात साष्टीतील अनेक गावांतील लोक ख्रिस्ती झाले. बोरिवलीनजीक मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्च झाले व त्याच्यावर मठ उभा राहिला. मराठ्यांच्या अमलात तेथे पुन्हा देवस्थान झाले. अंधेरीजवळ मरोळच्या परिसरात १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन बाप्टिस्टचे चर्च एकोणिसाव्या शतकात साथीमुळे ओस पडले आणि त्याचे भग्नावशेष आज उद्योगक्षेत्राच्या आवारात उभे आहेत. ज्या कुळांची नावे मालाडच्या सभेत उच्चारली गेली असतील, त्यांचे काही वंशज ह्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत नव्या नावांनी आले असले पाहिजेत. गावे तीच, शेते तीच आणि बहुतांशी ज्ञातिभेदही तेच राहिले. वंशावळीचे सूत्र मात्र तुटले. बखर वाचणाऱ्याने ख्रिस्ती गावठाण पाहिले नाही आणि गावठाणातल्या ख्रिस्ती माणसाला ही बखर आपलीही आहे असे कोणी सांगितले नाही.

ह्याचा परिणाम १८८७ मध्ये दिसून आला. नोकऱ्यांच्या शोधात मुंबईस आलेल्या गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आहोत, ह्या भूमीचे मूळचे रहिवासी आहोत, हे सरकारास दाखविण्यासाठी येथील ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली. आपण येथलेच हे सिद्ध करण्यासाठी ह्या समाजाला ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणाऱ्या नावाचा आश्रय घ्यावा लागला, ह्यातील विरोध मार्मिक आहे. मालाडच्या देसल्याने १४४८ मध्ये जे देवीच्या आज्ञेने केले, तेच ह्या समाजाने १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने केले. राज्यकर्ते बदलले की प्रत्येक वेळी बेटावरच्या माणसाला आपले मूळ नव्या भाषेत सांगावे लागते.

६

ह्या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. ‘महिकावतीची बखर’ ही राजवंशांच्या कालगणनेसाठी विश्वसनीय नाही. ताम्रपट व शिलालेख ह्यांच्यापुढे तिचे शक टिकत नाहीत. परंतु पंधराव्या शतकातील साष्टीच्या समाजाने स्वतःकडे कसे पाहिले, ह्याविषयी तिच्याइतका मौलिक पुरावा दुसरा नाही. तिची संख्या बेटाच्या नावातून आली आहे; तिचे ओसाडपण वतनाच्या गरजेतून आले आहे; आणि तिची वंशावळ ही एका भयग्रस्त पिढीची सामुदायिक कृती आहे.

ह्यातून एक व्यावहारिक परिणामही संभवतो आणि त्याचे महत्त्व विद्यापीठाच्या भिंतींपुरते मर्यादित नाही. ज्या उपनगरांत गेल्या दीड शतकात कोकणातून व देशावरून आलेले कामकरी, घाटकोपर-मुलुंडला स्थायिक झालेले कच्छी व गुजराती व्यापारी, दक्षिणेकडील नोकरदार आणि उत्तरेकडील मजूर एकावर एक येऊन वसले, तेथे ‘मूळचे कोण’ हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाही. जमिनीचा, नोकरीचा आणि कित्येकदा मारामारीचाही होतो. अशा वादात बखर मालकीचा दाखला म्हणून पुढे करणे म्हणजे तिचा अर्थ उलटा करणे होय. ह्या भूमीवरील जुन्या मराठी वृत्तांताने ज्यांना सर्वांत प्रतिष्ठित मानले ते सर्व बाहेरून आलेले होते, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. ज्या ग्रंथात ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द प्रथम ठसठशीतपणे उमटतो, तो ग्रंथ आलेल्यांच्या नोंदीचा ग्रंथ आहे.

पुढील संशोधनाची दिशाही ह्यातच सूचित होते. बखरीतील गावांची नावे, शिलाहारांच्या ताम्रपटांतील गावे, पोर्तुगीज काळातील चर्चच्या नोंदी आणि इंग्रजी अमलातील जमीनमोजणीचे कागद ही चार साधने गावागणिक एकत्र मांडली गेली पाहिजेत. मालाड, मरोळ, एक्सर, भांडुप अशा एकेका गावाचा असा अभ्यास झाला, तर हिंदू कुळांची वंशावळ आणि ख्रिस्ती गावठाणांचा इतिहास हे दोन वेगळे विषय न राहता एकाच समाजाचा इतिहास होईल. वेट्टिंगरने माल्टात दप्तरांच्या साहाय्याने जे कार्य केले, ते साष्टीत करण्यास साधने आहेत. त्यांना एकत्र आणणारा अभ्यासक हवा आहे. मालाडच्या सभेत जी नावे घेतली गेली त्यांच्याबरोबर, जी घेतली गेली नाहीत तीही त्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजेत.